तडकलेला फेंडर: वेल्ड करावा, टाके घालावेत की चिकटवावा?

लालमाती

नमस्कार मंडळी. क्वाडचा, म्हणजे चार चाकांच्या ऑफ-रोड बाइकचा, मागचा डावा फेंडर (चाकावरचं प्लास्टिकचं मडगार्ड) बोल्टच्या भोकापासून थेट कडेपर्यंत तडकलाय. तडा सरळ नाही. मध्येच एक फाटा फुटून तो रॅकच्या पायाखाली गेलाय. त्याच गाडीच्या हेडलाइटभोवतीच्या चकचकीत कव्हरचा एक कानही (स्क्रू बसतो ती बाहेर आलेली पट्टी) तुटून वेगळा झालाय. फेंडरला सुपरग्लू लावून पाहिला, मग दोन भागांचा इपॉक्सी लावला. दोन्ही कडक वाळले आणि नखाने सोलून निघाले.

बाकी प्लास्टिक चांगलं आहे, रंगही टिकून आहे. एवढ्यासाठी अख्खा पॅनेल फेकायचं मनाला पटत नाही. हीट गन आणि सोल्डरिंग आयर्न दोन्ही आहेत. सुरुवात कुठून करू?

नटबोल्ट

दोन्ही तुकडे पालथे घाला आणि मागची बाजू धुऊन पुसून घ्या. रिबजवळ किंवा साच्याच्या तारखेच्या गोल शिक्क्याशेजारी दोन टोकदार कंसांमध्ये रोमन अक्षरं कोरलेली असतात. आयएसओ ११४६९ या मानकाप्रमाणे ही खूण करतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीई म्हणजे पॉलिथिलीन, एबीएस म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल ब्युटाडाइन स्टायरीन, पीए म्हणजे नायलॉन, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. पीपीपुढे ईपीडीएम दिसलं तर त्यात रबर मिसळलेलं आहे. टीडी २० असेल तर २० टक्के टाल्क, जीएफ ३० असेल तर ३० टक्के काचतंतू.

हे वाचल्याशिवाय हीट गन हातात घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून फेंडर पीपी किंवा पीई असणार आणि हेडलाइटचं कव्हर एबीएस. एकाच गाडीवरचे हे दोन तुकडे दुरुस्तीच्या दृष्टीने दोन वेगळ्या जगातले आहेत. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

निशिगंधा

खूण झिजली असेल तर तुकड्याची कोपऱ्यातली चिलटी कापून पाण्यात टाका. तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे मात्र बोटाने झटकून घ्या. पीपीची घनता ०.९० ते ०.९१, पीईची ०.९७ च्या आत, त्यामुळे दोन्ही तरंगतात. एबीएस साधारण १.०५, नायलॉन १.१४ आणि पॉलिकार्बोनेट १.२०, हे सगळे बुडतात. टाल्क घातलेलं पीपीसुद्धा बुडू शकतं, म्हणून बुडालं की एबीएसच, असं लगेच ठरवू नका. मागच्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब टाका. एबीएस मिनिटाभरात चिकट होतं, पीपी-पीईला काहीच होत नाही.

दगडवाट

मी चिलटी जाळून ओळखतो. पीपी-पीई विझवल्यावर मेणबत्तीचा वास येतो, एबीएसला काळा काजळीचा धूर सुटतो, नायलॉनला जळक्या केसांचा वास येतो.

निशिगंधा

दगडवाट, ओळख बरोबर आहे, पण एबीएसच्या धुरात स्टायरीन असतं आणि तुकडा पीव्हीसीचा निघाला तर हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ येते. पाणी आणि ॲसिटोनने काम भागत असताना तो धूर नाकात कशाला घ्यायचा?

जुना फिटर

लालमाती, तुमचा इपॉक्सी का निघाला ते आधी सांगतो, म्हणजे पुढची बाजारातली प्रत्येक 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब विकत घेण्याचा मोह होणार नाही. द्रव पृष्ठभागावर पसरेल की थेंब होऊन बसेल हे पृष्ठऊर्जेवर ठरतं. पीपी आणि पीईची पृष्ठऊर्जा मीटरला ३० मिलिन्यूटनच्या आसपास, एबीएसची ४० च्या आसपास. पाण्याचा पृष्ठताण ७२, इपॉक्सीचा ४० च्या वर. म्हणून तो पीपीवर ओला होऊन बसतच नाही, नुसता वर सुकतो. तुम्ही पॉलिश पेपर मारून खरखरीत केलं तरी फरक थोडाच पडतो.

पीपी-पीईला धरणाऱ्या चिकटवण्या आहेत, पण त्या वेगळ्या. एक म्हणजे सुपरग्लूच्या आधी लावायचा पॉलिओलेफिन (पीपी-पीईचं कूळ) प्रायमर, दुसरी म्हणजे खास पॉलिओलेफिनसाठीची दोन भागांची ॲक्रिलिक. तिसरा मार्ग ज्योतीचा. गॅस टॉर्चची निळी ज्योत पृष्ठभागावरून झरझर फिरवली की वरचा थर ऑक्सिडाइझ होतो आणि त्यावर पाणी थेंब न होता पसरायला लागतं. हा परिणाम हळूहळू ओसरतो, त्यामुळे लगेच चिकटवायचं. छोट्या, न वाकणाऱ्या तुकड्याला हे मार्ग ठीक आहेत. फेंडरसारख्या सतत हलणाऱ्या भागाला मी वेल्डच करीन.

आता वेल्ड. तडा दिसतो त्याहून लांब असतो. फेंडर हलक्या हाताने वाकवा आणि तड्याच्या टोकापुढे केसासारखी पांढरी रेघ कुठवर जाते ते बघा. तिच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचं भोक पाडा. तुमच्या तड्याला फाटा आहे, म्हणून दोन भोकं. तीक्ष्ण टोकावर सगळा ताण एका बिंदूत एकवटतो, गोल भोक तो पसरवतं. भोकाच्या कडेचे बुरेही काढा, कारण ड्रिलने सोडलेला ओरखडा हीच पुढच्या तड्याची सुरुवात ठरते.

मग साफसफाई. आधी साबण आणि पाणी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. गाडीवर कधी सिलिकॉनचा चमक देणारा स्प्रे मारला असेल तर हे पुन्हा पुन्हा करा, सिलिकॉन वेल्डमध्ये गेलं की तिथे जोड धरतच नाही. तड्याला दोन्ही बाजूंनी पातळ पात्याने किंवा कानशीने 'व्ही' खाच घाला. फेंडरची जाडी बहुधा ३ मिलिमीटरच्या आसपास असते, तेव्हा एका बाजूने जाडीच्या निम्म्यापर्यंतच जा. खाचेचा कोन ६० ते ९० अंश. खाचेच्या दोन्ही बाजूंचा बोटभर पट्टाही पात्याने खरवडा. उन्हाने वरचा थर खडूसारखा झालेला असतो. आतलं ताजं, तुकतुकीत प्लास्टिक दिसेपर्यंत तो काढावाच लागतो. जुन्या गाड्यांचे वेल्ड सुटतात ते बहुतेक इथे. माणूस वेल्ड करतो ते त्या मेलेल्या थरावर, आणि मग तोच थर घेऊन वेल्ड उचकटून येतं.

पुढच्या बाजूने ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून कडा समोरासमोर बसवा आणि क्लॅम्पने धरा. मागून थोड्या थोड्या अंतरावर टाचून घ्या. आकार बसला की मगच सलग वेल्ड.

भरायची कांडी त्याच प्लास्टिकची हवी. पीपीला पीपी, पीईला पीई. दोघं नात्याने जवळचे असले तरी एकमेकांत नीट मिसळत नाहीत. कांडी नसेल तर त्याच पॅनेलच्या झाकल्या भागातून, रॅकखालच्या एखाद्या अनावश्यक ओठातून ३-४ मिलिमीटरची पट्टी कापा. याहून चांगली जुळणी कुठे मिळणार नाही.

एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, पीपी १६० ते १६५ ला. पण हीट गनच्या नोझलपाशी हवा ३०० अंशांच्या आसपास लागते, कारण ती प्लास्टिकपर्यंत पोचताना थंड होते आणि तुमचा हात पुढे सरकत असतो. आधी खाच आणि कांडी दोन्हीवर ओली झाक येऊ द्या, मग कांडी जवळजवळ उभी धरून खाली दाबत पुढे सरका. बरोबर जमलं की कांडीच्या दोन्ही कडांना वितळलेल्या प्लास्टिकची बारीक सलग लाट उठते. लाट नाही म्हणजे कांडी नुसती वर बसली. पिवळट झाक किंवा फेस आला तर जाळलंत.

झाल्यावर पाणी ओतून थंड करू नका. क्लॅम्प तसेच ठेवून आपोआप थंड होऊ द्या. मग पुढची पट्टी काढून त्या बाजूने हेच.

दगडवाट

फिटरकाका, पद्धत सविस्तर दिलीत, धन्यवाद. पण हीट गनने पातळ फेंडर झुकतो आणि लाटा पडतात. मी सोल्डरिंग आयर्नच्या चपट्या टोकाने दोन्ही कडा कालवून घेतो आणि वर केबल टाय वितळवून भरतो. काळा रंगही जुळतो.

जुना फिटर

आयर्नबद्दल सहमत. पातळ भागाला आयर्न जास्त ताब्यात राहतं, फक्त टोक खोलवर नेऊन सावकाश कालवायला हवं, वरवर सारवून उपयोग नाही. ४० ते ६० वॉटचं पुरतं.

केबल टायबद्दल मात्र ठाम नाही म्हणेन. तो नायलॉन ६६, वितळायला २६० अंशांच्या आसपास लागतात. तोवर खालचं पीपी करपायला लागतं. आणि वितळलेलं नायलॉन पीपीत मिसळत नाही, थंड झालं की दोघांमध्ये एक स्वच्छ सीमा राहते. दिसायला भरलेलं, पण आतून सुटं. फेंडर नायलॉनचा असेल तरच ती कांडी.

नटबोल्ट

काकांना +१. केबल टायची खरी जागा टाक्यांमध्ये आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना कडेपासून बोटभर आत भोकांच्या जोड्या पाडा, आतून टाय ओवून घट्ट करा, गाठ मागच्या बाजूला ठेवा. वाटेत, रानात तडा गेला तर घरी पोचेपर्यंत याच्याइतकं भरवशाचं काही नाही. हलणाऱ्या भागावर तर कधी कधी हे कडक जोडापेक्षाही जास्त टिकतं, कारण टाक्यांना थोडं सरकायला वाव असतो. उन्हात राहणारे टाय काळेच घ्या, पांढरे लवकर ठिसूळ होतात.

ओवी

गरम स्टेपलरबद्दल कुणाचा काय अनुभव? तो तापवून नागमोडी तारा प्लास्टिकमध्ये बुडवतात तो.

जुना फिटर

ओवीताई, उत्तम साधन आहे, पण ते वेल्डच्या सोबतीला. तार नागमोडी असते म्हणून ओढली तरी निसटत नाही. स्टेनलेसची घ्या. साधी तार गंजते, आणि गंज फुगून प्लास्टिकला आतून चिरतो. तार मागच्या बाजूने, जाडीच्या निम्म्यापर्यंतच बुडवा, वरून त्याच प्लास्टिकचा थर द्या. बाहेर आलेली टोकं कापताना डोळ्यांवर गॉगल हवाच, तुकडे कुठेही उडतात.

ताण जास्त येणाऱ्या जागी मला स्टेनलेसची बारीक जाळी अधिक आवडते. आयर्नने दाबत दाबत ती पुरती पोटात घालायची. तारा सरळ रांगेत, तड्याला समांतर रेषेत संपवू नका. एक टोक पुढे, एक मागे असं ठेवा. नाहीतर जिथे सगळ्या तारा संपतात तिथेच नवी तडकायची रेघ तयार होते.

निशिगंधा

हेडलाइटच्या कव्हरकडे कुणी वळलंच नाही. ते एबीएस असेल तर काम खूप सोपं आहे. एबीएसची बारीक चिलटं काचेच्या बाटलीत घ्या, बुडतील इतकं ॲसिटोन घाला आणि झाकण लावून ठेवा. दाट लापशी झाली की तयार. तुटलेल्या दोन्ही कडांना आधी नुसतं ॲसिटोन लावून चिकट करा, कान जागेवर दाबून धरा, मग मागून लापशीचे पातळ थर. प्रत्येक थर सुकू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या थरात काचतंतूंच्या जाळीचा तुकडा घातलात तर कान पुन्हा सहज तुटत नाही. हा जोड चिकटवलेला नसतो, प्लास्टिक एकमेकांत विरघळून एक झालेलं असतं. फक्त घाई नको. वरून कोरडं वाटलं तरी आत ॲसिटोन असतंच, एक अख्खा दिवस तरी द्या, जाड थराला अजून जास्त. खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको. हीट गन त्या वेळी बंदच ठेवा.

पारदर्शक काचेला, म्हणजे पॉलिकार्बोनेटला मात्र ॲसिटोनचा हातही लावू नका, ती पांढरी पडून जाळीदार तडकते.

नटबोल्ट

आता मला ज्या विषयावर लिहायचं होतं तो. लालमाती, तडा बोल्टच्या भोकातून निघाला असं तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलंत. पडल्याने किंवा फांदी लागल्याने तुटलेला फेंडर बहुतेक कडेवरून तुटतो. भोकातून निघालेला तडा बसवणीतला दोष दाखवतो. तो दोष काढला नाही तर वेल्ड कितीही सुंदर असो, तडा त्याच्या शेजारून पुन्हा निघतो.

प्लास्टिक किती वाढतं-आटतं याचा अंदाज घ्या. ६० सेंटिमीटरचा पीपीचा फेंडर तापमान ४० अंशांनी बदललं की साधारण ३ मिलिमीटर बदलतो. ज्या लोखंडी सांगाड्यावर तो बसलाय तो तेवढ्याच लांबीत जेमतेम ०.३ मिलिमीटर बदलतो. हा फरक जिरायला जागा हवी. म्हणून मूळ रचनेत भोकं बोल्टपेक्षा मोठी किंवा लांबट असतात, त्यात रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं) असतं आणि ग्रोमेटच्या पोटात धातूचा छोटा बुश (नळीचा तुकडा). बुशची उंची प्लास्टिक आणि रबरापेक्षा किंचित जास्त असते. बोल्ट कितीही आवळला तरी तो बुशवर थांबतो, प्लास्टिक चेपलं जात नाही.

एकदा उघडझाप करताना तो बुश हरवतो आणि त्या जागी साधा बोल्ट-वायसर येतो. मग बोल्ट प्लास्टिकला सांगाड्यावर करकचून दाबतो. ऊन, थंडी, इंजिनची थरथर, सगळं त्या एका भोकाच्या कडेवर येतं. तुमच्या भोकात बुश आहे का ते बघा. त्या फेंडरची बाकीची भोकंही तपासा.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बोल्ट सैल होऊ नये म्हणून जो द्रव थ्रेडलॉकर लावतात, तो एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला लागला की ताणाखालचं प्लास्टिक आपोआप तडकतं. पीपी-पीईला त्याचा फारसा त्रास नाही. पण तुमच्या हेडलाइटच्या कव्हरचा कान स्क्रूपाशीच तुटलाय, तिथे निळ्या किंवा लाल द्रवाचे डाग दिसतात का? ब्रेक क्लीनर, ब्रेक ऑइल आणि पेट्रोल यांचंही एबीएसशी असंच वैर आहे. अशा जागी नायलॉनची कडी असलेला नट लावा, थ्रेडलॉकर नको.

तिसरी गोष्ट थंडीची. साधं पीपी शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं, पीई त्याहून खूप खालीही लवचिक राहतं. गोठवणाऱ्या थंडीत फेंडर काढायचा असेल तर आधी गाडी आत आणून ऊब लागू द्या.

ओवी

नटबोल्ट, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून काढा. आमच्या डर्ट बाइकचे दोन्ही श्राउड (टाकीच्या बाजूंची प्लास्टिकची पॅनेलं) एकाच जागी तडकलेत, आणि बुश नाहीतच. आज कारण कळलं.

धाग्याला धरून अजून एक. श्राउडमागची प्लास्टिकची पेट्रोलची टाकी शिवणीपाशी ओलसर वाटते. याच पद्धतीने पीईची कांडी घेऊन वेल्ड करता येईल ना?

जुना फिटर

नाही. कृपया करू नका.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. धुतली तरी प्लास्टिकने पेट्रोल पोटात शोषलेलं असतं आणि तापवलं की ते बाहेर पडतं. त्यातच या टाक्या अनेकदा क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनच्या असतात. त्यातल्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्याने ते पुन्हा वितळतच नाही, त्यामुळे वेल्ड धरणारही नाही. टाकी बदला. तोवर ती गाडी चालवू नका आणि बंद खोलीत ठेवू नका.

ओवी

कळलं काका. टाकी बदलते.

दगडवाट

केबल टायची कांडी यापुढे बंद. काल भंगारातल्या एका फेंडरवर तुलना करून पाहिली. पीपीच्या पट्टीचा जोड वाकवल्यावर पांढरा पडला पण सुटला नाही, नायलॉनचा पहिल्याच वाकवणीत अख्खा निघून आला. काका, हे बरोबर होतं तुमचं.

त्यावरून एक प्रश्न. जिथे वाकवलं तिथला पांढरेपणा जातो का? माझ्या मडगार्डवर तडा नाही, पण पडल्यापासून पांढऱ्या घड्या आहेत.

निशिगंधा

तो रंग उडालेला नाही. ताणामुळे आत सूक्ष्म पोकळ्या होतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. हीट गन लांब धरून हलती ठेवा, हळूहळू जवळ आणा. पृष्ठभागावर चमक यायला लागली की थांबा. पुष्कळसा पांढरेपणा जातो. पण ती जागा कमजोर झालेली आहे हे खरंच, पुढच्या वेळी तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. खडूसारखा सरसकट पांढरेपणा असेल तर तो उन्हाचा, उष्णतेने तो तात्पुरता काळा होतो आणि पुन्हा येतो. काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक असल्याने ते उन्हाला इतरांपेक्षा जास्त तोंड देतं, लाल-पिवळी पॅनेलं आधी मरतात.

लालमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. फेंडरमागे पीपी सापडलं, कव्हरमागे एबीएस. नटबोल्ट, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. तडकलेल्या भोकात बुश नव्हता, उजव्या बाजूला होता. कव्हरच्या स्क्रूवर निळा सुकलेला थरही सापडला.

कान निशिगंधाताईंच्या पद्धतीने बसवलाय, सुकतोय. फेंडरचा मुख्य तडा मागून वेल्ड झाला, जाळी घातली. पुढच्या बाजूने एका जागी कांडी कडेला बसलेली नाही, नख आत जातं. वरून अजून एक थर देऊ का? आणि पुढे रंग मारायचा झाला तर?

जुना फिटर

वरून थर देऊ नका, खालची फट तशीच राहील. तेवढा भाग पात्याने पूर्ण खरवडून खाच पुन्हा उघडा, कांडीचं टोकही ताजं कापा आणि तिथून नव्याने भरा. ठोके मारून पाहण्याऐवजी अंगठ्यांनी दोन्ही बाजूंनी हळू वाकवा. फट उघडत नसेल तर झालं. मागच्या बाजूचा वेल्डचा उंचवटा सपाट घासू नका, तोही ताकद देतो.

रंगाचं म्हणाल तर मी टाळीन. या फेंडरचा रंग प्लास्टिकच्या पोटातच असतो, आणि पीपीवर रंग धरत नाही, कारण तेच, पृष्ठऊर्जा. मारायचाच असेल तर आधी प्लास्टिकसाठीचा ॲडहिजन प्रमोटर आणि त्यावर लवचिक रंग. कडक पुट्टी तर मुळीच नको, पहिल्या खडकाळ उतारावर ती पापुद्र्याने निघते.

नटबोल्ट

बुश मिळाला नाही तर धातूच्या नळीचा तुकडा कापून चालतो, आतला व्यास बोल्टपेक्षा किंचित मोठा आणि उंची ग्रोमेटपेक्षा केसभर जास्त. दोन्ही टोकं कानशीने सपाट करा. वर रुंद वायसर टाका. बसवल्यावर फेंडर हाताने हलवला तर बोल्टभोवती थोडा सरकायला हवा. रॅकचा पाय वेल्डवर टेकत असेल तर त्याच्याखाली रबराची पट्टी घाला.